स्फोट दिसले, न्यूट्रिनो दिसले नाहीत



ताराबाई मोडक १९५७ मध्ये बोर्डीहून आपले बालशिक्षणाचे काम घेऊन डहाणू तालुक्यातल्या या टेकडीवर आल्या आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे शेवटपर्यंत चालवले. मुलाने आधी नीट पाहावे, हाताळावे आणि मग बोलावे, हा त्या कामाचा पाया. त्या दोघींच्या स्मृतीला वंदन करून आज मी पाहण्याविषयीच बोलणार आहे. पण अशा पाहण्याविषयी, ज्यात वर्षानुवर्षे डोळे लावून बसूनही अपेक्षित गोष्ट दिसली नाही. विश्वातून पृथ्वीवर येणारे सर्वांत ऊर्जावान कण कुठे तयार होतात, हा प्रश्न फार जुना आहे. १९९५ पासून पुढची सतरा-अठरा वर्षे त्याचे एक उत्तर अतिशय आकर्षक वाटत होते: गॅमा किरणांचे स्फोट. ते उत्तर खरे असेल तर त्या स्फोटांबरोबर न्यूट्रिनो नावाचे कण यायलाच हवेत, असे गणित सांगत होते. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात बसवलेल्या यंत्राने दोन हजारांहून अधिक स्फोटांच्या वेळी ते शोधले आणि ते सापडले नाहीत. या न सापडण्याला मी अपयश मानत नाही. या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत हाती आलेल्या सर्वांत भक्कम निष्कर्षांपैकी तो एक आहे, असे माझे म्हणणे आहे. रिकाम्या नोंदीला पुराव्याचे वजन केव्हा येते, हे मुंबईच्या एका संस्थेने या विषयात फार लवकर ओळखले होते; तो इतिहासही या म्हणण्याचा भाग आहे.

प्रथम विश्वकिरण. ऑस्ट्रियाचा व्हिक्टर हेस १९१२ मध्ये फुग्यातून सुमारे पाच किलोमीटर उंच गेला आणि वर जावे तसे हवेतले आयनीभवन वाढते, असे त्याला आढळले. म्हणजे काहीतरी आकाशातून येत होते. आज आपल्याला ठाऊक आहे की हे प्रामुख्याने प्रोटॉन आणि जड अणूंची केंद्रके आहेत. ती वातावरणाच्या वरच्या थरांत हवेच्या अणूंवर आदळतात आणि त्या टकरीतून कणांचा वर्षाव खाली येतो. हा वर्षाव कसा फोफावतो याचे गणित होमी भाभा यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये मांडले. त्या वर्षावातले म्यूऑन नावाचे कण जमिनीपर्यंत पोहोचतात. आपल्या तळहातातून दर मिनिटाला शंभराच्या आसपास म्यूऑन आरपार जातात. यातले बहुतेक मूळ कण मध्यम ऊर्जेचे असतात. पण क्वचित एखादा असा येतो की भल्याभल्यांची मती गुंग व्हावी. १५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या दुर्बिणींनी नोंदवलेल्या एका कणाची ऊर्जा सुमारे ५० ज्यूल होती. एक किलोचा दगड पाच मीटरवरून खाली पडला की जितकी ऊर्जा मिळते, तितकी एका अणुकेंद्रकाहून मोठ्या नसलेल्या वस्तूत सामावलेली. २७ मे २०२१ रोजी त्याच राज्यात त्याच्या जवळपास जाणारा आणखी एक कण सापडला. मानवाने बांधलेला कोणताही त्वरक या ऊर्जेच्या आसपासही पोहोचत नाही.

हे कण आले कुठून, हे त्यांनाच विचारता येत नाही, ही खरी अडचण आहे. त्यांच्यावर विद्युतभार असतो, त्यामुळे वाटेतली चुंबकीय क्षेत्रे त्यांचा मार्ग वाकवत राहतात. कण ज्या दिशेने पृथ्वीवर येतो ती दिशा त्याच्या घराची असेलच असे नाही. शिवाय वाकड्या वाटेने आल्यामुळे तो प्रकाशापेक्षा हजारो, लाखो वर्षे उशिराही पोहोचू शकतो. समजा, आज एखादा स्फोट दिसला आणि त्यातून असे कण निघाले, तर ते आपल्या हयातीत येणारच नाहीत. म्हणून स्फोट आणि विश्वकिरण यांची थेट गाठ घालून देणे कोणालाच शक्य नाही. साक्षीदार हवा तो असा, जो वाटेत वळत नाही, अडत नाही आणि प्रकाशाबरोबर येतो. तो साक्षीदार म्हणजे न्यूट्रिनो.

न्यूट्रिनो आपल्या जिल्ह्याला परके नाहीत. इथून तीसेक किलोमीटरवर तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून चालू आहे. अणुभट्टीत विखंडनानंतर जे किरणोत्सर्गी अणू उरतात त्यांच्या ऱ्हासातून प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. तिथल्या मोठ्या भट्ट्या पूर्ण क्षमतेने चालतात तेव्हा या टेकडीवरच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला असे काही दशलक्ष कण जात असतात. सूर्याकडून येणारे तर त्याहून हजारो पटींनी अधिक: दर चौरस सेंटिमीटरला, दर सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी. त्यांचा आपल्या शरीराला काहीही उपद्रव नाही, कारण ते कशातच अडकत नाहीत. आज आपल्याला हवे आहेत ते न्यूट्रिनो मात्र वेगळे; त्यांची ऊर्जा तारापूरच्या किंवा सूर्याच्या कणांपेक्षा कोट्यवधी पटींनी मोठी असते. असे न्यूट्रिनो निर्माण व्हायला प्रचंड वेगाचा प्रोटॉन किंवा अणुकेंद्रक कशावर तरी आदळावे लागते. टकरीतून पायॉन नावाचा कण निघतो, पायॉन मोडून म्यूऑन आणि न्यूट्रिनो होतात. गॅमा किरण निर्माण करायला नुसते वेगवान इलेक्ट्रॉनही पुरतात. न्यूट्रिनोला ते पुरत नाहीत. म्हणून एखाद्या आकाशस्थ वस्तूकडून अतिऊर्जावान न्यूट्रिनो आला, तर तिथे प्रोटॉनांना किंवा केंद्रकांना वेग मिळतो आहे, याची ती जवळजवळ कबुलीच होय. माझा सारा युक्तिवाद या एका फरकावर उभा आहे.

आता कोलार. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी होत्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तिथे १९५० च्या दशकापासून विश्वकिरणांची मोजणी चालवली होती. रीत साधी होती. म्यूऑन मोजणारे यंत्र अधिकाधिक खोल न्यायचे आणि खडकातून किती म्यूऑन पार होतात ते पाहायचे. खोलीबरोबर आकडा घटत गेला. शेवटी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास यंत्र ठेवले तेव्हा जवळपास दोन महिने एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. दोन महिने माणसे खाणीत उतरत होती, उकाड्यात यंत्र तपासत होती आणि नोंदवहीत शून्य लिहीत होती. याच शून्यातून पुढचा प्रयोग निघाला. वरून येणारा गोंगाट इथे संपतो, तर इथे जे काही दिसेल ते दुसऱ्याच मार्गाने आलेले असेल, हा विचार त्यामागे होता. म्हणून एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन, व्ही. एस. नरसिंहम, पी. व्ही. रमणमूर्ती आणि त्यांचे सहकारी, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठाचे मियाके आणि इंग्लंडमधील डरहम विद्यापीठाचे वुल्फेंडेल यांनी मिळून सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर कण आरपार गेला की लकाकणाऱ्या सिंटिलेटरच्या उभ्या भिंती रचल्या. इतक्या खोलवर वरून एखादा म्यूऑन आलाच तर तो जवळजवळ उभाच येणार. आडवा म्यूऑन दिसला तर तो न्यूट्रिनोने आजूबाजूच्या खडकातच घडवलेला असला पाहिजे. १९६५ मध्ये असे आडवे म्यूऑन सापडले. वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंचे ते पहिले दर्शन. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत फ्रेडरिक रेन्स यांचा गट तेच शोधत होता. दोन्ही गटांचे निबंध ऑगस्ट १९६५ मध्ये पंधरवड्याच्या अंतराने प्रसिद्ध झाले आणि आधी आला तो कोलारचा. आपल्या शाळांच्या पाठ्यपुस्तकांत या प्रयोगाला अर्धे पान तरी मिळायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

कोलारच्या खाणीत पुढे १९८० च्या सुमारास प्रोटॉनचा ऱ्हास शोधण्याचा प्रयोग झाला आणि काही नोंदी ऱ्हासाच्या असू शकतील असे त्या गटाने मांडले. जपान आणि अमेरिकेतल्या अधिक मोठ्या यंत्रांना तसे काही आढळले नाही, म्हणून तो दावा टिकला नाही. म्हणजे एकाच खाणीने शून्याचे मोलही दाखवले आणि तुरळक होकाराची परीक्षा किती कडक असावी लागते तेही.

गॅमा किरणांच्या स्फोटांचा शोध मात्र कोणी विज्ञानासाठी लावला नव्हता. आकाशात आणि अवकाशात कोणी चोरून अणुचाचणी करते का, हे पाहायला अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले होते. त्यांनी २ जुलै १९६७ रोजी गॅमा किरणांची एक झळक टिपली, जी अणुबॉम्बची नव्हती. हे १९७३ मध्ये जाहीर झाले. १९९१ पासून नऊ वर्षे काम करणाऱ्या एका उपकरणाने असे २७०४ स्फोट नोंदवले आणि ते आकाशात सगळीकडे सारखे पसरलेले दिसले. म्हणजे ते आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्याशी बांधलेले नव्हते. १९९७ मध्ये एका स्फोटामागे रेंगाळणारा क्षीण उजेड प्रथम सापडला, त्याच वर्षी दुसऱ्या एका स्फोटाचे अंतर मोजता आले आणि ते अब्जावधी प्रकाशवर्षांचे निघाले. इतक्या दुरून इतके तेज दिसते म्हणजे सूर्य आपल्या साऱ्या आयुष्यात जितकी ऊर्जा देईल तितकी काही सेकंदांत बाहेर पडत असावी. दोन सेकंदांहून लांब चालणारे बहुतेक स्फोट प्रचंड ताऱ्यांच्या कोसळण्यातून होतात आणि त्याहून छोटे बहुतेक न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीन होण्यातून. २९ मार्च २००३ च्या स्फोटामागून अतिदीप्त नवतारा (सुपरनोव्हा) उगवताना दिसला, तेव्हा पहिल्या जातीबद्दलची शंका फिटली. त्याच स्फोटाचा रेडिओ उजेड आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने दीर्घकाळ मागोवा घेऊन टिपला.

या स्फोटांवर संशय १९९५ मध्ये आला. एली वॅक्समन, मारिओ व्हिएत्री आणि मिल्ग्रोम व उसोव्ह यांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट मांडली. स्फोटातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने झोत निघतो. झोतातले थर कमी-अधिक वेगाने धावतात, एकमेकांवर आदळतात आणि त्या धक्क्यांत कण पुन्हा पुन्हा इकडून तिकडे फेकले जाऊन वेग घेतात. त्या ठिकाणचा आकार, चुंबकीय क्षेत्र आणि वेग धरून हिशेब केला, तर ५० ज्यूलच्या जवळ जाणारे प्रोटॉन तिथे घडू शकतात. दुसरा मुद्दा त्याहून मोहक होता. विश्वाच्या ठरावीक घनफळात दर वर्षी असे स्फोट गॅमा किरणांच्या रूपाने जितकी ऊर्जा ओततात, जवळपास तितकीच ऊर्जा अतिऊर्जावान विश्वकिरणांचा पुरवठा चालू ठेवायला लागते, असे त्या वेळच्या आकड्यांवरून दिसत होते. दोन अगदी वेगळ्या मोजमापांचे आकडे जुळले की त्यांच्यात नाते असणार असे वाटते. १९९७ मध्ये वॅक्समन आणि जॉन बाकॉल यांनी पुढचे पाऊल टाकले. झोतात प्रोटॉन असतील तर त्याच झोतात गॅमा किरणांचे दाट रान आहे. प्रोटॉन त्यावर आदळणार, पायॉन होणार आणि प्रोटॉनच्या ऊर्जेचा सुमारे विसावा भाग घेऊन न्यूट्रिनो निघणार. त्यांची ऊर्जा शंभर टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असेल आणि एक घन किलोमीटरचे यंत्र वर्षाकाठी असे काही न्यूट्रिनो पकडू शकेल. सिद्धांताने स्वतःला तपासणीसाठी असे उघडे करून देणे ही मोठी गोष्ट होती. त्यानंतर यंत्राची वाट पाहणे उरले.

ते यंत्र २०१० च्या डिसेंबरात पूर्ण झाले. त्याचे नाव आइसक्यूब. दक्षिण ध्रुवाच्या बर्फात ८६ दोर सोडलेले, त्यांवर ५१६० प्रकाशसंवेदक, दीड ते अडीच किलोमीटर खोलीवर एक घन किलोमीटर स्वच्छ बर्फ वेढून. न्यूट्रिनो बर्फातल्या अणूवर आदळला की म्यूऑन निघतो आणि तो धावताना निळसर प्रकाश सोडतो. कोणत्या संवेदकाला तो कोणत्या क्षणी पोहोचला, त्यावरून मार्ग आखतात. हे तत्त्व या परिसराला अनुभवाने ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि भोवतालच्या गावांत भूकंपांची मालिका सुरू झाली, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने इथे भूकंपमापके बसवली. धक्का कोणत्या केंद्रावर किती सेकंद आधी पोहोचला यावरूनच तो कुठे आणि किती खोल झाला ते ठरवले गेले. बर्फातल्या यंत्रात सेकंदांऐवजी अब्जांश सेकंद मोजावे लागतात, इतकेच. आता शोध कसा घ्यायचा? उपग्रह स्फोटाची वेळ आणि दिशा कळवतो. त्या काही सेकंदांत, आकाशाच्या त्या छोट्याशा तुकड्याकडून एखादा न्यूट्रिनो आला का, एवढेच पाहायचे. वातावरणातले न्यूट्रिनो आइसक्यूबला वर्षाला लाखाच्या घरात दिसतात, पण नेमक्या त्या सेकंदांत आणि नेमक्या त्या दिशेने त्यांच्यातला एखादा येण्याची शक्यता नगण्य असते. गोंगाट जवळजवळ शून्यावर येतो. कोलारच्या माणसांनी खडकाच्या जाडीने जे साधले, ते इथे घड्याळाने साधले.

यंत्र अर्धवट उभे असतानाच्या दोन वर्षांत सुमारे तीनशे स्फोट तपासले गेले आणि एप्रिल २०१२ मध्ये नेचर नियतकालिकात निष्कर्ष आला: एकही जोडी जुळली नाही, आणि न्यूट्रिनोंची वरची मर्यादा भाकितापेक्षा किमान ३.७ पट खाली आहे. पुढे स्फोटांची संख्या हजारावर आणि नंतर दोन हजारांवर गेली. क्वचित एखादी नोंद वेळेत बसली, पण ती योगायोगापलीकडची ठरली नाही. दरम्यान २०१३ मध्ये आइसक्यूबने वातावरणाबाहेरून, दूरच्या विश्वातून येणारे न्यूट्रिनो असतात हे सिद्ध केले होते. त्या सगळ्या न्यूट्रिनोंमध्ये गॅमा स्फोटांच्या ऐन भराचा वाटा फार तर शेकडा एक असू शकेल, असे या तपासणीतून ठरले. मग ९ ऑक्टोबर २०२२ आला. सुमारे २०० कोटी प्रकाशवर्षांवरचा एक स्फोट इतका तेजस्वी होता की उपग्रहांची उपकरणे दिपून गेली. आजवर नोंदलेल्या स्फोटांत त्याच्याएवढे तेज कोणाचेच नाही. चीनमधल्या लासो वेधशाळेने त्यातून आलेले ६४ हजारांहून अधिक अतिऊर्जावान गॅमा कण मोजले. न्यूट्रिनो असते तर या स्फोटात दिसायला हवे होते. आइसक्यूबने तपासले. दिसले नाहीत.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: यंत्रच अधू असेल तर? याचे उत्तर त्याच यंत्राच्या इतर नोंदी देतात. २२ सप्टेंबर २०१७ रोजी आलेल्या सुमारे २९० टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या एका न्यूट्रिनोची दिशा सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका तेजस्वी दीर्घिकेशी जुळली. २०२२ मध्ये जवळच्या एनजीसी १०६८ या दीर्घिकेकडून आलेले सुमारे ७९ न्यूट्रिनो वेगळे ओळखता आले. २०२३ मध्ये खुद्द आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यातून येणारे न्यूट्रिनो दिसले.  ज्या डोळ्यांना इतके दिसते, त्यांनी दोन हजार वेळा नेमक्या ठिकाणी पाहून काही नाही म्हटले, तर त्या नकारावर विश्वास ठेवावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. तो असा: सिद्धांत लवचीक असतो. न्यूट्रिनो दिसले नाहीत म्हटल्यावर अभ्यासकांनी गणित पुन्हा केले आणि जुन्या भाकितात कण-टकरींचा तपशील ढोबळ धरल्यामुळे आकडा सुमारे दहापट फुगला होता, असे दाखवले. झोत अधिक वेगवान मानला किंवा धक्के केंद्रापासून अधिक दूर बसतात असे मानले, तर तिथले गॅमा किरणांचे रान विरळ होते आणि प्रोटॉन न आदळताच निसटतात. झोताची ऊर्जा मुख्यतः चुंबकीय क्षेत्रात साठवलेली असेल, तरीही न्यूट्रिनो घटतात. मग आइसक्यूबने खोडले तरी काय? माझे उत्तर असे की, नकाराने काय खोडले आणि काय शिल्लक ठेवले हे काटेकोर सांगता येते, यातच त्याची ताकद आहे. प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात अडकून राहतात आणि न्यूट्रॉन बनूनच बाहेर पडतात, अशी एक लोकप्रिय कल्पना होती. तिच्यात प्रत्येक विश्वकिरणामागे न्यूट्रिनोंचा हिशेब बांधलेला असतो, पळवाट नसते. ती कल्पना गेली. सर्व स्फोट एकसारखे धरून एकाच ठिकाणी सारे घडते, असे मानणारे सोपे चित्रही गेले. शिल्लक राहिलेल्या प्रत्येक चित्राला आता झोताचा वेग, अंतर किंवा चुंबकत्व यांबद्दल ठाम काहीतरी बोलावे लागते, आणि जे बोलावे लागते ते दुसऱ्या साधनांनी तपासता येते.

ही तपासणी आपल्या घराजवळ चालू आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर कॅडमियम झिंक टेल्युराइडचे एक उपकरण आहे. ते घडवण्यात आणि चालवण्यात टाटा संस्था, पुण्याचे आयुका, मुंबईची आयआयटी आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा यांचा हात आहे, ए. आर. राव, दीपंकर भट्टाचार्य, संतोष वडवळे, वरुण भालेराव ही नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. या उपकरणाने शेकडो गॅमा स्फोट टिपले, आणि तेजस्वी स्फोटांच्या किरणांचे ध्रुवणही, म्हणजे त्यांची कंपने एकाच दिशेत किती बांधलेली आहेत तेही, ते मोजते. झोतात सुसंघटित चुंबकीय क्षेत्र असेल तर ध्रुवण जास्त दिसावे. पहिल्या वर्षाच्या ११ स्फोटांवरून ते बरेच जास्त वाटले होते. पाच वर्षांतले २० स्फोट एकत्र तपासल्यावर बहुतेकांत ते कमी किंवा नाहीसेच आढळले. म्हणजे चुंबकीय झोत मानून न्यूट्रिनोंच्या अभावाचे स्पष्टीकरण देणाऱ्यांना या मोजणीला तोंड द्यावेच लागते. स्फोटाच्या दरम्यान ध्रुवणाची दिशा फिरत असेल, तर एकत्र बेरजेत ते पुसले जाईल, असे ते म्हणू शकतात. म्हणोत, तेही मोजता येईल. आक्षेपाला असे उत्तर देता यावे लागते, तरच ते विज्ञान.

ऊर्जेच्या हिशेबाची जी मोहक जुळणी होती, तिचेही पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. शेकडो स्फोटांची अंतरे कळत गेली तसे स्पष्ट झाले की हे स्फोट विश्वाच्या तरुणपणी अधिक होत असत, जवळच्या विश्वात ते विरळ आहेत. पण सर्वांत ऊर्जावान विश्वकिरण फार दुरून येऊच शकत नाहीत. विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मतरंग प्रारणावर आदळून त्यांची ऊर्जा वाटेत संपते. ग्रायसेन यांनी आणि त्यांच्याबरोबरच झात्सेपिन व कुझमिन यांनी हे १९६६ मध्येच दाखवले होते. म्हणजे पुरवठा जवळून हवा आणि जवळ स्फोट कमी. न्यूट्रिनोंचा नकार आला नसता, तरी ही भेग पडलीच असती.

तरीही एक शक्यता उरते आणि ती मी बंद मानत नाही. काही स्फोट मंद असतात. काहींचा झोत ताऱ्याच्या पोटातच गुदमरतो आणि गॅमा किरण बाहेर येतच नाहीत. असे स्फोट जवळपास अधिक संख्येने होत असावेत, पण आपल्या उपग्रहांना ते दिसत नाहीत, म्हणून आइसक्यूबच्या यादीतही ते नव्हते. अर्जेंटिनातल्या तीन हजार चौरस किलोमीटर पसरलेल्या पियेर ऑजे वेधशाळेने दाखवले आहे की ऊर्जा वाढते तसे विश्वकिरण नुसते प्रोटॉन राहत नाहीत, जड केंद्रकांचा वाटा वाढतो. तेजस्वी स्फोटाच्या दाट किरणांत जड केंद्रके फुटून जातील, मंद स्फोटात ती टिकू शकतील. त्यामुळे मंद स्फोटांचा पक्ष आज तेजस्वी स्फोटांपेक्षा मजबूत आहे, असे माझे मत आहे. ते तपासायला अधिक संवेदनशील उपग्रह हवेत. मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकाराने मांडलेला दक्ष हा दोन उपग्रहांचा प्रस्ताव त्यासाठीच आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायच्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाची दिशा ती अधिक नेमकी सांगेल. १७ ऑगस्ट २०१७ ला अशा एका विलीनीकरणाच्या गुरुत्वीय लहरी आल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा स्फोट दिसला. त्याही वेळी न्यूट्रिनो शोधले गेले, मिळाले नाहीत; पण तो झोत आपल्या रोखाने नव्हता, म्हणून त्या नकाराला वजन थोडेच. सगळे नकार एका मापाचे नसतात, हे त्यातून ध्यानात घ्यावे.

जिथे पावसाळा संपताच पाण्याचे हंडे डोक्यावर घेऊन मैल मैल चालावे लागते, तिथे दक्षिण ध्रुवावरच्या कणांची चर्चा कशाला, असा प्रश्न या जिल्ह्यात कोणी विचारला तर तो रास्त आहे. मी त्याला नव्या यंत्रांच्या उपयोगाचे आमिष दाखवून उत्तर देणार नाही. पाण्याचे काम आधी झालेच पाहिजे, आणि या शोधांमुळे ते अडलेले नाही. माझे म्हणणे इतकेच की, कोरड्या विहिरीची नोंद असो, भूकंपमापकावरची शांत रात्र असो की बर्फातले न आलेले न्यूट्रिनो, ‘काही आढळले नाही’ या वाक्यावर विश्वास कधी ठेवायचा हे ठरवण्याची रीत एकच आहे. किती वेळ पाहिले? कुठे पाहिले? जे शोधत होतो ते असते, तर आपल्या साधनाला दिसले असते का? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर ते वाक्य निरुपयोगी. असतील तर ते पुरावा.

म्हणून समोर बसलेल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपल्या शाळांत प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर आले नाही, तर मुले शेजारच्या वहीतून आकडा उतरवतात, कारण रिकाम्या रकान्याला गुण मिळत नाहीत. येत्या सत्रापासून, ज्या मुलाने किंवा मुलीने ‘काही दिसले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले आणि किती वेळ, कुठे व कशाने पाहिले तेही लिहिले, त्या वहीला पूर्ण गुण द्या.